माळ्यावरचं बक्कल आणि मातीतलं बक्कल

मराठी माणसाला बक्कल म्हटलं की आधी आठवतो तो पोलिसाचा बक्कल नंबर. हवालदाराशी वाद झाला की घरी पहिला प्रश्न हाच, "बक्कल नंबर बघितलास का त्याचा?" म्हणजे आपल्या डोक्यात बक्कल हे माणूस शोधून काढायचं साधन आहे. मी गेली काही वर्षं जर्मनीत डॉर्टमुंडला राहतो, इथे रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथे पहिल्यांदा एका टेबलावर काचेच्या पेटीत सात-आठ बक्कलं मांडलेली बघितली, प्रत्येकाच्या बरोब्बर मधोमध किमतीचं स्टिकर चिकटवलेलं. मला वाटलं विकणाऱ्याला स्टिकर कुठे लावायचं कळत नाही. मग शेजारी उभ्या म्हाताऱ्याने सांगितलं की ते मुद्दाम तिथेच लावतात, खालचं चिन्ह लोकांना उघडं दिसलं तर तो गुन्हा होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांची बक्कलं होती ती. पुढे मी अशी बरीच हातात घेऊन बघितली, आणि दर वेळी एकच गोष्ट खटकायची, की त्यावर गरुड असतो, देवाचं नाव असतं, कधी कारखान्याचं नाव असतं, साल असतं, सगळं असतं, फक्त ज्याच्या कमरेला ते होतं त्याचा पत्ता कुठेच नसतो.

ही बक्कलं जमवणारे लोक जगभर आहेत, हजारोंनी आहेत, आणि त्यांच्याबद्दल दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे हे सगळे छुपे नाझी, बंदी घाला आणि वितळवा. दुसरं म्हणजे अहो हा इतिहास आहे, नाणी आणि पोस्टाची तिकिटं जमवतात तसंच हे, तुम्ही उगाच भावनिक होताय. मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं असं आहे की बक्कल ठेवण्यात काही वाईट नाही, वाईट आहे तो बाजार ज्या हिशोबाने चालतो तो हिशोब, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय बंदीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना एकच बक्कल माहीत असतं. जर्मनमध्ये याला कोपेलश्लॉस म्हणतात. साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंद, चौकोनी, मागे आकडा आणि पट्ट्याच्या भोकांत अडकणारे दोन काटे. पायदळाच्या बक्कलावर वर लिहिलेलं असायचं "गॉट मिट उन्स", देव आमच्याबरोबर आहे. हे वाक्य नाझींचं असं लोकांना वाटतं, तसं नाहीये, ते प्रशियाच्या, म्हणजे जुन्या जर्मन राज्याच्या, राजांचं ब्रीद, 1847 पासून सैनिकांच्या बक्कलावर आहे, पहिल्या महायुद्धात प्रशियाच्या सैनिकांच्या कमरेला तेच होतं, मधल्या वायमार प्रजासत्ताकाच्या फौजेतही तेच, 1936 मध्ये मधला गरुड बदलला आणि त्याच्या पायांत हाकेनक्रॉइत्स आलं. (मी इथे मुद्दामच स्वस्तिक हा शब्द वापरत नाही, त्यावर पुढे बोलतो.) हवाईदलाच्या बक्कलावर उडता गरुड, देवाचं वाक्य नाही. एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाच्या, बक्कलावर "माझी इज्जत म्हणजे निष्ठा" अशा अर्थाचं वाक्य, ते आलं 1931 मध्ये, बर्लिनमध्ये पक्षाच्याच एसए तुकड्यांनी बंड केलं तेव्हा एसएसवाले हिटलरच्या बाजूने उभे राहिले आणि त्याने तिथल्या एसएसचा प्रमुख कुर्ट डालुएगंला लिहिलेल्या पत्रातून ते ब्रीद तयार झालं. आणि हिटलर युगेंड या नाझींच्या युवक संघटनेतल्या पोरांच्या बक्कलावर "रक्त आणि इज्जत". हे बक्कल चौदा वर्षांच्या मुलाच्या कमरेला असायचं. मला सगळ्यांत जास्त अंगावर येतं ते हेच, कारण सैनिकाला निदान कोणीतरी भरती केलेलं असतं, या मुलाला मात्र शाळेच्या वयात पट्टा बांधून सांगितलं गेलं की रक्त म्हणजे काय.

धातूवरूनसुद्धा युद्ध कळतं. सुरुवातीची बक्कलं अॅल्युमिनियमची, दाणेदार पृष्ठभागाची, मागे चामड्याची छोटी जीभ आणि त्या जिभेवर कारखान्याचं नाव आणि साल दाबून उमटवलेलं. मग अॅल्युमिनियम विमानांना लागायला लागलं, बक्कलं लोखंडी पत्र्याची आली, वर करडा-हिरवट रंग मारलेला, हळूहळू ती चामड्याची जीभही गेली. जमवणारे लोक हे सगळं तोंडपाठ सांगतात, कुठल्या कारखान्याच्या साच्यात गरुडाच्या कुठल्या पिसाला बारीक चीर होती इथपर्यंत. आणि हे मान्य केलंच पाहिजे, की या वस्तू कुठे, कधी, कशा बनल्या याची बारीक माहिती मोठ्या प्रमाणात या हौशी लोकांनीच गोळा केली, विद्यापीठातला माणूस बक्कलाच्या काट्याचा जोड बघत बसत नाही.

यातले बरेचसे कारखाने एकाच गावातले, ल्यूडेनशाइड. माझ्या घरापासून दक्षिणेला चाळीसेक किलोमीटर. 2021 च्या डिसेंबरमध्ये तिथला हायवेचा मोठा पूल धोकादायक झाला म्हणून अचानक बंद केला आणि नंतर 2023 च्या मे महिन्यात सुरुंग लावून पाडला, त्या काळात सगळी वाहतूक गावातून, तेव्हा ट्रॅफिकमध्ये अडकून अडकून मला हे गाव माहीत झालं. डोंगराळ भाग, शेकडो वर्षं धातूकाम, बटणं आणि बिल्ले बनवणारं गाव. असमान, ओव्हरहॉफ, रिशार्ड झीपर, बेर्ग उंड नोल्टं, ही बक्कलांच्या मागे दिसणारी नावं सगळी इथली. ओव्हरहॉफने एसएसची बक्कलं केली. श्टाइनहाउअर उंड ल्यूक ही इथलीच कंपनी, युद्धात पदकं बनवायची, आणि 1957 मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा करून जुन्या सैनिकांना हाकेनक्रॉइत्स काढून टाकलेली पदकं लावायला परवानगी दिली तेव्हा ती नवी पदकंही यांनीच बनवली.

पण बक्कल जमवणाऱ्याला ल्यूडेनशाइड विचारलं तर तो कारखान्यांची यादी सांगेल, हुन्सविंकल सांगणार नाही. गावाजवळ फेर्जं नावाच्या नदीवर धरण बांधत होते, तिथे 1940 पासून गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची, कामगार छावणी होती, तिचं नाव हुन्सविंकल. कामावर उशिरा आला, पळायचा प्रयत्न केला, असल्या कारणांवरून माणसांना तिथे टाकायचे, त्यात सक्तीने आणलेले परदेशी मजूर खूप होते, आणि बरेच जण तिथेच मेले. आज त्या धरणाच्या काठाने लोक सायकली चालवतात. मी स्वतः चालवलीय, तेव्हा मला माहीत नव्हतं. मुद्दा एवढाच की बक्कलाच्या मागे कारखान्याचं नाव वाचता येणं म्हणजे इतिहास कळणं नव्हे, त्या नावाच्या भोवती त्या वर्षी काय चाललं होतं हे माहीत असायला पाहिजे, नाहीतर तुम्ही फक्त ब्रँड जमवताय.

आता बाजाराचा हिशोब. साधं पायदळाचं, वापरलेलं, रंग उडालेलं बक्कल स्वस्त. तेच कधीच न वापरलेलं, गोदामातून आल्यासारखं चकचकीत असेल तर बरंच महाग. एसएसचं असेल तर कितीतरी पट महाग, आणि एसएस अधिकाऱ्याचं गोल बक्कल असेल तर विचारूच नका. म्हणजे किंमत दोन गोष्टींनी वाढते, वस्तू जितकी भयंकर संघटनेची तितकी महाग आणि वस्तूवर माणसाची खूण जितकी कमी तितकी महाग. मला हे सांगताना खरंच राग येतो, कारण इतिहासाच्या दृष्टीने हे बरोबर उलटं आहे.

एक उदाहरण देतो. युद्ध संपल्यावर अनेक बक्कलं लोकांनी वापरली, पट्टा चांगला होता, घरात दुसरं काही नव्हतं, मग गरुडाच्या पायातलं चिन्ह कानसीने घासून टाकलं आणि तेच बक्कल शेतावर, रेल्वेत, जंगलखात्यात लावून फिरले. बाजारात अशा तुकड्याला "एंटनात्सिफित्सीअर्ट" म्हणतात, म्हणजे नाझीपण काढून टाकलेलं, आणि ते खराब माल म्हणून मातीमोल भावाने जातं. मी असं एक बघितलं, घासल्याच्या रेघा अजून दिसत होत्या, वाकड्यातिकड्या, घाईत केलेल्या. कोणीतरी 1945 मध्ये घरात बसून बारा वर्षांचं ते चिन्ह कानसीने घासत होतं, भीतीने घासलं की लाजेने की फक्त पट्टा वापरायचा होता म्हणून, हे आपल्याला कधीच कळणार नाही, पण त्या एका वस्तूत जर्मनीची पुढची चाळीस वर्षं आहेत. गरुड तसाच आहे, देव तसाच आहे, मधलं तेवढं पुसलंय. मला विचाराल तर म्युझियममध्ये ठेवायचं बक्कल हे.

दुसरा एक युक्तिवाद मला अनेकदा ऐकवला गेलाय, चांगल्या चांगल्या लोकांकडून. "मी एसएसचं काही घेत नाही, फक्त आर्मीचं घेतो, ते साधे सैनिक होते." मला या लोकांच्या हेतूबद्दल शंका नाही पण हे वाक्य चुकीचं आहे. सोव्हिएत युनियनचे साधारण 57 लाख सैनिक जर्मनांच्या कैदेत पडले, त्यातले जवळपास 33 लाख मेले, उपासमारीने, थंडीने, गोळ्यांनी, आणि ते कैदी सांभाळायची जबाबदारी मुख्यतः आर्मीची होती, एसएसची नाही. सप्टेंबर 1941 मध्ये कीव्हजवळ बाबी यारच्या घळीत दोन दिवसांत 33,771 ज्यूंना मारलं, गोळ्या घालणाऱ्यांत एसएस आणि पोलीस होते, पण शहर आर्मीच्या ताब्यात होतं आणि मदत आर्मीची होती. त्यानंतर पंधरवड्याच्या आत सहाव्या आर्मीचा प्रमुख राइशनाउने सैनिकांना लेखी हुकूम काढला की ज्यूंना कठोर शिक्षा का आवश्यक आहे हे सैनिकाने समजून घेतलं पाहिजे. "देव आमच्याबरोबर आहे" लिहिलेली बक्कलं या माणसांच्या कमरेला होती. जर्मनीत हे मोठ्याने बोललं गेलं ते फार उशिरा, 1995 पासून हाम्बुर्गच्या सामाजिक संशोधन संस्थेने फिरतं प्रदर्शन केलं तेव्हा, आणि त्यातले बरेच फोटो साध्या सैनिकांनीच काढलेले, खिशात ठेवलेले होते. काही फोटोंच्या ओळी चुकल्या म्हणून प्रदर्शन थांबवून, दुरुस्त करून 2001 मध्ये परत आणलं, पण मुख्य गोष्ट बदलली नाही. प्रत्येक सैनिक खुनी होता असं मी म्हणत नाहीये. मी म्हणतोय की बक्कल बघून कळत नाही, आणि न कळणाऱ्या गोष्टीला "साधा सैनिक" असं प्रमाणपत्र आपण देऊ नये.

आता शीर्षकातल्या माळ्याकडे येतो. इथे जमवणाऱ्यांच्या बोलण्यात दोन शब्द सारखे येतात. "डाखबोडनफुंड" म्हणजे घराच्या माळ्यावर सापडलेली वस्तू आणि "बोडनफुंड" म्हणजे जमिनीत सापडलेली. जर्मनमध्ये बोडन म्हणजे जमीन आणि डाखबोडन म्हणजे छपराखालची जागा, आपला माळा. पहिली वस्तू घरातून आलेली, आजोबांच्या पेटीतून, तिच्यामागे निदान एक कुटुंब आहे. दुसरी मेटल डिटेक्टर लावून खणून काढलेली, बहुतेक वेळा पूर्वेकडून, लाटवियातल्या कुर्लांडमधून, रशियात डेम्यान्स्कच्या दलदलीतून, व्होल्गोग्राडच्या, म्हणजे जुन्या स्टालिनग्राडच्या, माळरानावरून. गंजलेली, वाकलेली, तशीच विकतात, आणि लोक घेतात कारण ती "खरी" असते, गंज सहसा खोटा नसतो असा समज.

पण जरा विचार करा, बक्कल जमिनीत कसं गेलं असेल. काही फेकून दिलेली असतात, हे खरंय, शरण जाताना पट्टे टाकून देत. पण काही बक्कलं ज्याच्या कमरेला होती तो माणूसही तिथेच आहे. जर्मन सैनिकाच्या गळ्यात एक लंबगोल पत्र्याचा बिल्ला असायचा, मधोमध भोकांची रांग, दोन्ही अर्ध्यांवर तोच मजकूर, तुकडी, नंबर, रक्तगट. माणूस मेला की खालचा अर्धा तोडून कचेरीत पाठवायचा, वरचा अर्धा प्रेताबरोबर राहायचा, म्हणजे पुढे कधी हाडं सापडली तरी हा कोण हे कळावं. हा त्याचा खरा बक्कल नंबर. जर्मन युद्धकबरींचं काम करणारी फोल्क्सबुंड नावाची संस्था आहे, 1919 पासूनची, तिचे लोक आजही दर वर्षी पूर्व युरोपात हजारो सैनिकांची हाडं उकरून नीट पुरतात, आणि त्यांचा सगळा भरवसा या अर्ध्या पत्र्यावर असतो. रात्री डिटेक्टर घेऊन खणणारा माणूस काय करतो, बक्कल घेतो, बिल्ला घेतो कारण तोही विकला जातो, आणि हाडं तिथेच विखरून टाकतो. झालं, तो माणूस कायमचा बेपत्ता. त्याची बहीण असेल, मुलगी असेल, ऐंशी वर्षांची, तिला शेवटपर्यंत उत्तर नाही. स्टालिनग्राडला जे 91,000 शरण गेले त्यातले पाच-सहा हजार परत आले, बाकीच्यांच्या घरी वर्षानुवर्षं दारावरच्या घंटेकडे कान लावून लोक बसले होते. तो सैनिक अपराधी असेल नाहीतर नसेल, पण मेलेल्या माणसाचं नाव चोरायचा हक्क कुणालाच नाही, आणि त्याच जमिनीत त्याच खड्ड्यांत रशियन सैनिकही आहेत, खणणारा हाडांना देश विचारत नाही.

म्हणून माझं पहिलं आणि ठाम मत, मातीतून काढलेलं बक्कल विकत घेऊ नये. किती स्वस्त असू दे, किती खरं असू दे, विकणारा कितीही सांगू दे की शेतात नांगराला लागलं. त्याची मागणी आहे म्हणून रात्री खड्डे खणले जातात, इतकं साधं आहे हे.

माळ्यावरच्या बक्कलाची गोष्ट वेगळी, आणि तिचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. माझ्या एका सातारकडच्या मित्राने दोन वर्षांपूर्वी फोटो पाठवला, "तू तिकडे असतोस, हे काय आहे बघ." घर पाडून नवीन बांधायचं होतं, माळ्यावरची ट्रंक उतरवली, त्यात आजोबांची पदकं निघाली, इटली स्टार वगैरे, आणि एका फडक्यात हे बक्कल. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत लढले. अॅल्युमिनियमचं बक्कल, एक कोपरा चेपलेला, मागे चामड्याची जीभ शाबूत आणि तिच्यावर पुसट पण वाचता येण्याजोगं, ल्यूडेनशाइड, 1940. मी तो फोटो बघून बराच वेळ गप्प बसलो. माझ्या शेजारच्या गावात बनलेली वस्तू इटलीत कोणाच्या तरी कमरेवरून निघून साताऱ्यातल्या माळ्यावर सत्तर-पंचाहत्तर वर्षं पडून होती.

आपल्याकडे हे फार लोकांना माहीत नसतं की मराठा पलटणींनी इटलीत जर्मनांशी समोरासमोर लढाई केली. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, 10 जुलै 1944, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, हा माणूस एकटा मशीनगनवर धावून गेला, ग्रेनेड टाकला, एकाला गोळीने मारला, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं आणि मग स्नायपरच्या गोळीने स्वतः गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव, 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी, जखमी साथीदारांना माऱ्यातून ओढून आणलं आणि मग मशीनगनची ठाणी मोडली, तेही व्हिक्टोरिया क्रॉस. या लढाईतून जे परत आले त्यांच्या ट्रंकांमध्ये काय काय आलं असेल याची नोंद कोणी केलेली नाही. सातारा, रायगड, कोल्हापूर, नगर, बेळगाव, किती माळ्यांवर अजून असेल. घर पाडताना ते भंगारात जातं किंवा कोणीतरी चारशे-पाचशे रुपये देऊन घेऊन जातं आणि पुढे परदेशात पोचेपर्यंत त्याच्यामागची इटली, सातारा, आजोबा, सगळं गळून पडलेलं असतं, उरतं ते "अॅल्युमिनियम, चामड्याची जीभ शाबूत, 1940, कोपऱ्याला चेप".

बंदीबद्दल आता. जर्मनीत कायदा असा आहे की ही चिन्हं लोकांत दाखवणं, वाटणं गुन्हा, शिक्षण, संशोधन, कला अशा कामांना सूट, आणि घरात ठेवणं गुन्हा नाही, म्हणून ती स्टिकरं. फ्रान्समध्ये 2000 साली पॅरिसच्या कोर्टाने याहूला सांगितलं की तुमच्या लिलावातल्या नाझी वस्तू फ्रान्समधल्या लोकांना दिसता कामा नयेत, पुढच्या वर्षी याहूने त्या काढून टाकल्या. ऑस्ट्रेलियाने तर जानेवारी 2024 पासून अशा वस्तूंचा व्यापारच गुन्हा केला. मी ऑस्ट्रेलियाच्या भावनेशी सहमत आहे आणि तरी मला तो रस्ता चुकीचा वाटतो, कारण व्यापार बंद झाला की हौशी, अभ्यासू, भित्रा माणूस आधी बाजूला होतो आणि उरतो तो ज्याला ते चिन्ह आवडतं तो. बंद खोलीत तोच विकणार, तोच घेणार. आणि ज्यांच्या घरी आजोबांची पेटी आहे ते लोक घाबरून ती पेटी कचऱ्यात टाकतील, म्युझियमला फोन करणार नाहीत.

पण मोकळं सोडा असंही मी म्हणत नाही. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये म्युनिकच्या हेर्मान हिस्टोरिका या लिलावघराने हिटलरची टोपी वगैरे विकायला काढली, ज्यू संघटनांनी विरोध केला, तरी लिलाव झाला. त्या वस्तू घेतल्या अब्दल्ला शातिला नावाच्या लेबनीज वंशाच्या स्विस उद्योजकाने, सुमारे 6 लाख युरो घालवून, आणि इस्रायलला देऊन टाकल्या, चुकीच्या माणसांच्या हातात जाऊ नयेत म्हणून. त्या माणसाबद्दल मला आदर आहे. पण एक भला माणूस लाखो युरो खिशातून घालतो तेव्हा टोपी सुटते, भाव मात्र त्याच्याचमुळे अजून वर जातो, हेही तितकंच खरं. मला पाहिजे तो नियम असा, लिलावघराने आणि दुकानदाराने वस्तूचा उगम लेखी सांगितलाच पाहिजे, कोणत्या घरातून, कोणत्या वर्षी, कोणाकडून, आणि उगम नसेल तर विक्री नाही. घराण्याचं नाव जाहीर करू नका, पण कागद असू द्या. मातीतून आलेली वस्तू याच नियमात आपोआप बाद होते. आणि नकली वस्तूंचाही निम्मा प्रश्न सुटतो, कारण या बाजारात नकला प्रचंड आहेत, आणि नकलेला सगळं बनवता येतं, गंज, चीर, चामड्याची जीभ, पण घर बनवणं अवघड असतं.

अवघड आहे, अशक्य नाही, हे मान्य. 1983 मध्ये श्टेर्न साप्ताहिकाने हिटलरच्या डायऱ्या म्हणून जे छापायला घेतलं ते कोनराड कुयाउ नावाच्या माणसाने हाताने लिहिलेलं होतं आणि हा माणूस मुळात नाझी वस्तूंचाच व्यापारी. ज्या पत्रकाराने त्या आणल्या तो गेर्ड हाइडेमान स्वतः अशा वस्तूंच्या इतका नादी लागलेला की त्याने हिटलरचा हवाईदलप्रमुख ग्यॉरिंगची बोट विकत घेतली होती. 93 लाख मार्क मोजले, आणि सरकारी अभिलेखागाराने कागद तपासला तेव्हा त्यात युद्धानंतर वापरात आलेलं पांढरं करणारं रसायन निघालं. दोघं तुरुंगात गेले. हे मी का सांगतोय, तर त्या डायऱ्यांच्या मागेही एक गोष्ट जोडलेली होती, कोसळलेल्या विमानाची, पूर्व जर्मनीतल्या खेड्याची, आणि ज्यांना विश्वास ठेवायचा होता त्यांनी ठेवला. म्हणून नुसती गोष्ट नको, तपासता येईल असा कागद पाहिजे.

आता आपल्या लोकांबद्दल, कारण हे टाळून चालणार नाही. भारतातून इथे आलेली मुलं बाजारात असं बक्कल बघतात आणि म्हणतात, अरे स्वस्तिक, आपलंच आहे, घे ना. दारावरचं, चोपडीवरचं, लग्नपत्रिकेवरचं स्वस्तिक आपलं आहेच, ते आपण कुणासाठी सोडायचं कारण नाही, जर्मन लोक स्वतः याला वेगळ्या नावाने ओळखतात, हाकेनक्रॉइत्स, आकड्यांचा क्रॉस. पण म्हणूनच गरुडाच्या पायातलं चिन्ह आपलं नाही. दोन्ही वेगळी आहेत असं आपण जगाला सांगत असू तर मग बक्कल हातात आल्यावर "आपलंच आहे" म्हणता येत नाही. 2006 मध्ये नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाने रेस्टॉरंट निघालं होतं, भिंतीवर त्याचा फोटो, ज्यू समाजाने आणि इतरांनी आवाज उठवल्यावर नाव बदलावं लागलं. ज्या रायगडात बेने इस्रायली लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत तेल गाळत जगले, त्यांना गावाने शनवार तेली म्हणून आपलं मानलं, त्याच जिल्ह्यात हे घडावं याचं मला अजून वाईट वाटतं. 

आणि आपल्या इतिहासात एक अवघड पानही आहे, जे मी लपवणार नाही. सुभाषबाबूंनी जर्मनीत उभी केलेली फौज, उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय कैद्यांमधून, अडीच-तीन हजार माणसं. त्यांच्या दंडावर झेप घेणारा वाघ आणि तिरंगा होता, पण गणवेश जर्मन आर्मीचाच होता, आणि ऑगस्ट 1944 मध्ये ती तुकडी कागदोपत्री वाफेन-एसएसकडे, म्हणजे एसएसच्या लढाऊ फौजेकडे, वर्ग झाली. त्या वाघाच्या बिल्ल्याला जमवणाऱ्यांत खूप मागणी आहे, आणि त्याच्या नकलाही भरपूर. तेव्हा इटलीत एक भारतीय हे बक्कल घातलेल्यावर गोळी झाडत होता आणि फ्रान्समध्ये दुसरा भारतीय जर्मन पट्टा बांधून उभा होता, दोघांच्याही घरी पोस्टमनची वाट बघत बायकामुलं बसलेली. नुसती वस्तू बघून यातलं काय कळणार आहे. म्हणून मी परत परत उगमाकडे येतो.

मित्राला मी सांगितलं, विकू नकोस, आणि पॉलिश तर अजिबात करू नकोस. घरात ज्यांना आजोबा आठवतात त्यांना विचार आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेव, तारीख घाल, सही घे. बेळगावला मराठा रेजिमेंटचं मुख्य ठाणं आहे, तिथे दाखवता येईल, द्यायचं की घरी ठेवायचं ते नंतर ठरवा. त्याची मोठी आत्या आहे, नव्वदीच्या जवळ, तिला बक्कल हातात दिलं तर तिने लगेच ओळखलं. तिने जे सांगितलं ते त्याने वहीच्या पानावर उतरवलं आणि मला पानाचा फोटो पाठवला. आत्या सांगते, आबा याच्याबद्दल बोलायचे नाहीत, पण एकदा पावसाळ्यात ट्रंक वाळवताना निघालं तेव्हा मी विचारलं हे कुणाचं, तर म्हणाले, पोरगं होतं गं, माझ्यापेक्षा लहान, पाणी मागत होतं. दिलं का पाणी, असं मी विचारलं. आबांनी फडकं गुंडाळलं आणि ट्रंक बंद केली.

खाली आत्याचा अंगठा आहे आणि तारीख. बक्कल आता त्या पानाबरोबर एका पिशवीत आहे.